फियाट की अ‍ॅम्बेसेडर? दोन जुन्या गाड्यांची तुलना करायला शिकताना

माझा भाचा परवा दोन जुनी माहितीपत्रकं घेऊन घरी आला. इंजिनांच्या ताकदीच्या दोन आकड्यांवर बोट ठेवून म्हणाला, "मामा, हिचे पन्नास बीएचपी, तिचे चाळीस. म्हणजे अ‍ॅम्बेसेडरच जास्त दमदार. बरोबर ना?"

त्याला पहिली जुनी गाडी घ्यायची आहे आणि त्याचं मन प्रीमियर पद्मिनी (म्हणजे आपली फियाट) आणि हिंदुस्तान अ‍ॅम्बेसेडर यांच्यात अडकलंय. मी त्याला आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली. माझ्या लहानपणी एका मे महिन्यात आम्ही सगळे खंडाळ्याला निघालो होतो. बाबांच्या फियाटमध्ये आम्ही पाच जण होतो, वर कॅरिअरवर ट्रंक आणि वळकटी. काकांच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये ते आणि काकू, दोघंच. बोरघाटात काका बघता बघता पुढे गेले आणि आमची फियाट दुसऱ्या गिअरवर कण्हत वर आली. त्या एका दिवसावरून पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात अ‍ॅम्बेसेडर 'घाटाची राणी' ठरली. कुठल्या गाडीत किती माणसं होती, हे कुणीच विचारलं नाही.

दोन गाड्यांची तुलना करताना हेच विचारायचं असतं. समोर आलेला आकडा किंवा अनुभव कुठल्या परिस्थितीतला आहे? दोन्ही गाड्यांना सारखी परिस्थिती मिळाली होती का? पुढची सगळी कृती याच दोन प्रश्नांसाठी आहे. उदाहरणाला मी याच दोन गाड्या घेतल्या आहेत, पण पद्धत कुठल्याही जोडीला लागू पडेल.

पहिली पायरी : नावाची नाही, सालाची तुलना करा

'अ‍ॅम्बेसेडर' ही एक गाडी नाही. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत होती. मूळ आराखडा मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री या ब्रिटिश गाडीचा. तिला बराच काळ बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं. १९७५ मध्ये मार्क थ्री आली, १९७९ मध्ये मार्क फोर. मार्क फोरच्या काळात डिझेल अ‍ॅम्बेसेडर निघाली, तिची ताकद जेमतेम ३७ बीएचपी. नव्वदच्या दशकात इसुझू या जपानी कंपनीचं १८१७ सीसीचं इंजिन आलं, ते ७५ बीएचपीच्या घरातलं, आणि सोबत खाली बसवलेला पाच गिअरचा दांडा. डिझेल मार्क फोर चालवलेला माणूस आणि इसुझूवाली चालवलेला माणूस, दोघंही 'अ‍ॅम्बेसेडर कशी पळते' ते छातीठोक सांगतील. दोघंही खरं बोलत असतील आणि तुम्ही मात्र गोंधळून जाल.

फियाटचं तसं नाही, तिच्यात बदल कमी झाले. वालचंद समूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी बनवायला घेतली. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. नाव बदललं तरी पेट्रोल इंजिन तेच राहिलं, १०८९ सीसीचं. मुंबईत मात्र तिला पद्मिनी म्हणणारा माणूस विरळाच, ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. त्याआधीची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी गोलमटोल गाडी म्हणजे 'डुक्कर फियाट'. कुणी नुसतं 'जुनी फियाट विकायची आहे' म्हणालं, तर दोघींपैकी कुठली ते आधी विचारून घ्या.

म्हणून सुरुवात वहीने करा. मधोमध रेघ मारून दोन रकाने पाडा आणि सगळ्यात वर चार गोष्टी लिहा: उत्पादनाचं साल, मॉडेल, आरसी बुकातला इंजिन नंबर आणि प्रत्यक्ष इंजिनावर कोरलेला नंबर. शेवटचे दोन जुळले नाहीत तर इंजिन बदललेलं आहे, आणि मग माहितीपत्रकातला एकही आकडा त्या गाडीला लागू नाही. या वयाच्या गाड्यांत दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलेलं सर्रास सापडतं. ते वाईटच असतं असं नाही, पण ती वेगळी गाडी समजून वेगळा रकाना पाडा.

या लेखात मी तुलनेला घेतोय ती १४८९ सीसीची पेट्रोल अ‍ॅम्बेसेडर आणि १०८९ सीसीची पेट्रोल फियाट. दोन्ही चार सिलिंडरच्या, दोघींचे चार गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ आणि ताकद जाते मागच्या चाकांना.

दुसरी पायरी : आकडा कुणी, कसा मोजला

जुन्या माहितीपत्रकांत 'बीएचपी' लिहिलेलं असतं, पण ती ताकद मोजायच्या दोन पद्धती होत्या. एका पद्धतीत इंजिन उघडं टेबलावर ठेवून मोजत. पंखा नाही, डायनॅमो नाही, सायलेन्सर नाही, एअर क्लीनरसुद्धा नाही. याला ग्रॉस म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत इंजिन गाडीत जसं बसतं तसं, सगळा लवाजमा जोडून मोजत. ते नेट. एकाच इंजिनाचा ग्रॉस आकडा नेटपेक्षा बराच मोठा दिसतो. एका गाडीचा ग्रॉस आणि दुसरीचा नेट समोरासमोर ठेवलात तर तुलना तिथेच फसली. आकड्यापुढे 'एसएई' लिहिलेलं असेल तर जुन्या काळात तो बहुतेकदा ग्रॉस असतो. 'डीआयएन' असेल तर नेट. काहीच लिहिलेलं नसेल तर वहीत आकड्यापुढे प्रश्नचिन्ह टाका आणि त्यावर फार भर देऊ नका.

एककांचंही तसंच. पीएस आणि बीएचपी जवळजवळ सारखे, १ पीएस म्हणजे ०.९८६ बीएचपी. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, कधी किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो, त्याला ९.८१ ने गुणलं की न्यूटन-मीटर मिळतात. पाउंड-फूट असेल तर १.३५६ ने गुणा. जुना अ‍ॅव्हरेज 'मैल प्रति गॅलन' असेल तर ०.३५४ ने गुणून किलोमीटर प्रति लिटर काढा. ३० मैल प्रति गॅलन ऐकायला भरघोस वाटतं, प्रत्यक्षात ते साडेदहा किलोमीटर प्रति लिटर.

तिसरी पायरी : ताकदीला वजनाने भागा

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. फियाटची ताकद ४० बीएचपी धरू, गाडीचं रिकामं वजन सुमारे ८९५ किलो. अ‍ॅम्बेसेडरची ताकद ५० धरू. वजन मॉडेलप्रमाणे बदलतं, पण अकराशे किलोच्या पुढेच भरतं, मी हिशोबाला ११२० घेतो.

फियाट : ४० भागिले ०.८९५ टन, म्हणजे टनामागे ४४.७ बीएचपी.
अ‍ॅम्बेसेडर : ५० भागिले १.१२ टन, म्हणजे टनामागे ४४.६ बीएचपी.

हे गणित मी भाच्याकडूनच करून घेतलं. तो दोनदा तपासून बघत होता. दहा बीएचपीचा फरक वजनानेच खाऊन टाकला होता. अ‍ॅम्बेसेडरची जास्तीची ताकद तिचं स्वतःचं जड अंग ओढण्यातच खर्च होते.

पण रिकामी गाडी चालत नाही, आत माणसं बसतात. म्हणून हेच गणित भरलेल्या गाडीसाठी पुन्हा करा. पाच माणसं, प्रत्येकी ६५ किलो, आणि ५० किलो सामान मिळून ३७५ किलो. फियाट आता १२७० किलोची झाली, टनामागे ३१.५ बीएचपी. अ‍ॅम्बेसेडर १४९५ किलोची, टनामागे ३३.४. आता अ‍ॅम्बेसेडर पुढे गेली, कारण तेच ३७५ किलो हलक्या गाडीला जास्त जड पडतात. फियाटचं वजन त्याने ४२ टक्क्यांनी वाढलं, अ‍ॅम्बेसेडरचं ३३ टक्क्यांनी.

आता आमच्या खंडाळ्याच्या दिवसाचं गणित मांडा. फियाटमध्ये पाच माणसं आणि सामान, टनामागे ३१.५. काकांच्या गाडीत दोनच माणसं, म्हणजे १२५० किलो, टनामागे ४०. काकांची गाडी पुढे जाणारच होती. गाड्यांची अदलाबदल केली असती, पाच जण अ‍ॅम्बेसेडरमध्ये आणि दोघं फियाटमध्ये, तर फियाट टनामागे ३९ वर आणि अ‍ॅम्बेसेडर ३३.४ वर असती, आणि बाबा आधी पोचले असते. ही आकडेमोड मी पहिल्यांदा केली तेव्हा बाबा हयात नव्हते. त्यांना ती दाखवता आली असती तर फार बरं वाटलं असतं.

तुमच्या गाडीत रोज किती माणसं बसणार, ते आधी ठरवा आणि गणित त्या वजनाने करा. नवखा माणूस ही पायरी गाळतो आणि नंतर पस्तावतो.

चौथी पायरी : इंजिनाचा स्वभाव ओळखा

टनामागे ताकद सारखी असली तरी दोन्ही गाड्या चालवायला सारख्या वाटत नाहीत. त्याचं कारण सिलिंडरच्या मापांत आहे. फियाटच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिमी आणि पिस्टनचा स्ट्रोक ७५ मिमी. अ‍ॅम्बेसेडरचा व्यास ७३ मिमीच्या आसपास, पण स्ट्रोक तब्बल ८८.९ मिमी.

स्ट्रोक लांब म्हणजे त्याच फेऱ्यांना पिस्टनला जास्त धावावं लागतं. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर फियाटचा पिस्टन सरासरी सेकंदाला १० मीटर वेगाने वरखाली होतो, अ‍ॅम्बेसेडरचा जवळजवळ १२ मीटरने. म्हणून अ‍ॅम्बेसेडरला रेटून फिरवलं की ती कुरकुरते, आणि फियाट त्याच फेऱ्यांवर मोकळी वाटते. उलट खालच्या फेऱ्यांवर अ‍ॅम्बेसेडरचे ४०० सीसी जास्तीचे कामाला येतात. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी अगदी हळू झाली तरी ती गुरगुरत पुन्हा उचलते. फियाट तिथे खालचा गिअर मागते.

म्हणून जुने फियाट चालवणारे गिअर बदलण्यात तरबेज असत. दांडा स्टिअरिंगला, पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी रचना) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. नवखा माणूस इथे कर्रकर्र आवाज काढतो. फियाटला कमजोर म्हणण्याआधी हात बसायला आठवडाभर द्या.

पाचवी पायरी : गिअरिंग घरीच मोजा

शेवटच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या हजार फेऱ्यांना गाडी किती वेगाने जाते, हा आकडा फार बोलका असतो. तो पुस्तकात शोधत बसण्यापेक्षा स्वतः मोजावा, कारण इतक्या वर्षांत टायर बदललेले असतात आणि मागचा डिफरन्शिअलही (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा डबा).

टायरवर खडूने खूण करा, जमिनीवर तिथेच रेघ मारा. गाडी ढकलून चाकाची एक पूर्ण फेरी करा, पुन्हा रेघ मारा. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे चाकाचा घेर. फियाटला १४ इंची चाकं, अ‍ॅम्बेसेडरला १५ इंची, त्यामुळे इथे फरक निघणारच.

मग डिफरन्शिअल. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि खाली भक्कम स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही वाकू नका. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवा, आणि सोबतच्या माणसाला बाजूने बघून प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) किती फेऱ्या फिरला ते मोजायला सांगा. जितक्या फेऱ्या, तितकं गुणोत्तर. दुसरं चाक जमिनीवर असल्यामुळे दोन फेऱ्या घ्याव्या लागतात.

आता घेर (मीटरमध्ये) गुणिले ६०, भागिले गुणोत्तर. समजा घेर १.९ मीटर आणि गुणोत्तर ४.५ निघालं, तर उत्तर २५.३. म्हणजे शेवटच्या गिअरला हजार फेऱ्यांमागे ताशी २५ किलोमीटर, ७५ च्या वेगाला इंजिन ३००० फेऱ्यांवर. दोन्ही गाड्यांचा हा आकडा शेजारी शेजारी लिहा. लांबच्या रस्त्यावर कुठली गाडी कान किटवेल आणि कुठली शांत राहील, ते इथे कळतं.

सहावी पायरी : आधी तब्येत, मग शर्यत

चाळीस-पन्नास वर्षांच्या दोन गाड्या रस्त्यावर उतरवून तुम्ही मोजता काय? बहुतेक वेळा त्यांच्या मालकांनी त्या किती सांभाळल्या, तेच. मॉडेलची तुलना करायची असेल तर आधी दोघींची तब्येत एका पातळीवर आहे का ते बघा.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं, हा सगळ्यात स्वस्त उपाय. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून स्टार्टर फिरवा. चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत. एखादा फार खाली आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग गेल्या, नाही आला तर व्हॉल्व्ह. मेस्त्री 'इंजिन खोलावं लागेल' म्हणाले की हे आकडे त्यांच्यापुढे ठेवा. मी एकदा ते न करता एका गॅरेजच्या शब्दावर रिंग-पिस्टन बदलून घेतले, आणि दोष निघाला एका जळालेल्या व्हॉल्व्हचा. पैसे गेले ते गेलेच, वर पावसाळाभर गाडी बंद राहिली.

यासोबत टॅपेट, पॉइंटचा गॅप, टायमिंग आणि कार्बोरेटर, एवढं दोन्ही गाड्यांचं एकाच मेस्त्रीकडून करून घ्या. ट्यूनिंग करणारा हात एकच असला की तुलना बरीच स्वच्छ होते.

पत्र्यासाठी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक न्या. दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार वाहते. त्यामुळे खालचा पत्रा सडला तर गाडीचा कणाच गेला. दारांखालचा पट्टा, पायाखालची फरशी आणि डिकीतली स्टेपनीची जागा, इथे चुंबक फिरवा. चिकटत नसेल तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. समुद्राजवळच्या इमारतीत उघड्यावर उभी राहिलेली गाडी असेल तर हे दोनदा करा.

फियाटच्या बाबतीत आणखी एक. मुंबईत तिचं बहुतेक आयुष्य काळी-पिवळी म्हणून गेलं. इथली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. 'फॅमिली गाडी आहे' असं कुणी सांगितलं तरी दाराचं रबर थोडं उचलून आत काळा-पिवळा रंग दिसतो का बघा, टपावर कॅरिअरची भोकं बुजवलेली आहेत का बघा, डिकीत सीएनजीच्या टाकीचे बोल्ट होते का बघा. टॅक्सी होती म्हणून गाडी टाकाऊ ठरत नाही. पण तिने शहराला किती फेऱ्या घातल्या असतील हे लक्षात ठेवून भाव करा.

सातवी पायरी : मुंबईच्या रस्त्यावर चाचणी

मासिकांत ० ते १०० ची वेळ छापतात. या वयाच्या गाडीला तसं पळवू नका. क्लच, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट आणि ड्रम ब्रेक, तिघांनाही ते मानवत नाही आणि त्यातून कळतंही फार थोडं. मी तीन चाचण्या करतो. रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, वेगमर्यादेत राहून. वेग मोबाइलच्या जीपीएसवर बघायला शेजारी एक माणूस बसवा, कारण जुने स्पीडोमीटर मनाला येईल ते दाखवतात. चालवणारा आणि शेजारचा, दोघंही दोन्ही गाड्यांत तेच असू द्या. टायरमधली हवा दोन्ही गाड्यांच्या पुस्तकाप्रमाणे भरलेली, टाकी दोघींची अर्धी.

पहिली चाचणी घरंगळण्याची, मरीन ड्राइव्हवर. सपाट तुकड्यावर ताशी ४० च्या वेगाला न्यूट्रल करा आणि वेग २० वर यायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग उलट दिशेने पुन्हा, कारण समुद्राचा वारा एका बाजूने मदत करतो. दोन्ही वेळांची सरासरी घ्या. एखादी गाडी दुसरीपेक्षा फारच लवकर मंदावली तर तिचे ब्रेक घासतायत किंवा व्हील बेअरिंग जड झालंय. आधी ते दुरुस्त करा, नाहीतर पुढचं सगळं मोजमाप फुकट.

दुसरी चाचणी तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ५०. रोजच्या रहदारीत बस ओलांडताना नेमकं हेच लागतं. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा, सेकंद मोजा, दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा. मग मागे तीन माणसं बसवून तेच पुन्हा. तिसऱ्या पायरीत कागदावर केलेलं गणित इथे घड्याळात दिसतं.

तिसरी चाचणी चढाची. चौपाटीवरून वाळकेश्वरच्या बाजूने तीन बत्ती आणि पुढे मलबार हिलवर. कुठल्या वळणाला कुठला गिअर घ्यावा लागला, तेवढंच लिहा. 'तिसऱ्यावर आली' आणि 'दुसरा घ्यावा लागला' ही नोंद सेकंदांपेक्षा जास्त सांगून जाते. वर पोचल्यावर तापमानाचा काटा बघा आणि इंजिन दोन मिनिटं चालू ठेवून पुन्हा बघा. उभ्या गाडीत काटा चढत राहिला तर रेडिएटर साफ करायला झालाय. मे महिन्यात दादर टीटीला अडकाल तेव्हा हीच गोष्ट तुम्हाला रस्त्यात उभं करेल.

उभ्या गाडीत आणखी एक त्रास होतो. पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असल्यामुळे तापून आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि गाडी बंद पडते ती चालूच होत नाही. पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबणं हा जुन्या टॅक्सीवाल्यांचा उपाय आजही चालतो. म्हणून दोन्ही गाड्या गरम असताना बंद करा, पाच मिनिटांनी चालू करून बघा आणि किती सेल मारावे लागले ते वहीत लिहा.

ब्रेक आणि पावसाळा

दोन्ही गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक. एकदा दाबून दोन्ही चांगले वाटतील, फरक पाचव्या-सहाव्या दाबाला कळतो. ड्रम तापले की पेडल कडक राहतं पण गाडी थांबत नाही. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ब्रेक हलके दाबत दाबत चाललात तर ते वाळतात. अ‍ॅम्बेसेडर जास्त जड असल्यामुळे उतारावर तिला खालच्या गिअरमध्ये ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते.

पावसात दोघींचाही नाजूक भाग म्हणजे प्लगना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप. ओल धरली की गाडी तडतडते आणि बंद पडते. डिकीत कोरडं फडकं आणि एक जादा कॅप ठेवा.

बसण्याच्या आरामाबाबत मी उघडपणे अ‍ॅम्बेसेडरच्या बाजूचा आहे. पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी, पिळली जाणारी सळई), मागे पाटे, आणि २४६४ मिमीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. फियाटचा व्हीलबेस २३४० मिमी. खड्ड्यात फियाट उडते आणि अ‍ॅम्बेसेडर डुलते. आईला मागे बसवून डॉक्टरकडे न्यायचं असेल तर मी अ‍ॅम्बेसेडरच काढेन. एकटा पहाटे वरळी सी फेसला फिरायला जाणार असेन तर फियाट.

पेट्रोल, पार्ट आणि कागद

अ‍ॅव्हरेज काढायचा एकच भरवशाचा मार्ग: टाकी गळ्यापर्यंत भरा, किमान दोनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरा. अंतर जीपीएसचं धरा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त असतं आणि ते जुन्या रबरी नळ्या, वॉशर आणि कार्बोरेटरमधल्या गॅस्केटला खातं. दोन्ही गाड्यांच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे आहेत का ते विचारा, नसतील तर बदलण्याचा खर्च किमतीत धरा.

पार्टसाठी ऑपेरा हाउसची दुकानं, कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार, या तीन ठिकाणी एक दिवस फिरा. जाण्याआधी दहा पार्टची यादी करा: क्लच प्लेट, व्हील सिलिंडर, वॉटर पंप, डिस्ट्रिब्युटर कॅप, मागच्या दिव्याची काच, समोरची काच, दाराचं रबर, कार्बोरेटरचा किट, स्टिअरिंगचे जॉइंट, सायलेन्सर. दोन्ही गाड्यांचे भाव आणि 'आहे', 'मागवावा लागेल', 'जुनाच मिळेल' यांपैकी काय ते लिहून आणा. इंजिनाचे पार्ट बहुतेक सापडतात. माणूस अडतो तो काच, रबर आणि क्रोमच्या पट्ट्यांवर.

कागदांचं थोडक्यात. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रोज चालवायची असेल तर नेहमीचं पासिंग करत राहा. दोन गाड्यांपैकी एकीची मुदत संपलेली असेल तर तो खर्च आणि आरटीओच्या खेपा तिच्या रकान्यात मांडा.

आणि टेप घेऊन पार्किंगमध्ये जा

फियाट ३९३० मिमी लांब, १४६० मिमी रुंद. अ‍ॅम्बेसेडर ४३२५ मिमी लांब, १६७६ मिमी रुंद. म्हणजे अ‍ॅम्बेसेडर जवळजवळ एक वीत जास्त रुंद आणि हातभराला थोडी कमी इतकी जास्त लांब. हे आकडे सगळ्यांना माहीत असतात, पण टेप घेऊन खाली उतरतो कोण?

भाच्याला मी खाली पाठवलं. त्याच्या सोसायटीत त्याच्या वाट्याची जागा दोन खांबांच्या मधे आहे आणि खांबांमधलं अंतर भरलं २.२ मीटर. गाडी मधोमध लावली तर अ‍ॅम्बेसेडरच्या दोन्ही बाजूंना २६ सेंटिमीटर उरतात, फियाटच्या बाजूंना ३७. दहा इंचांच्या फटीतून दार उघडून माणूस बाहेर येत नाही, साडेचौदा इंचांतून तिरका होऊन येतो. मग तो म्हणाला, गाडी एका खांबाला चिकटवून लावली तर? फियाटला एका बाजूला अर्धी वीत सोडून दुसरीकडे चांगली मोकळी जागा मिळत होती. अ‍ॅम्बेसेडरचंही जमलं असतं, पण आत घेताना दर वेळी आरसा मिटून कुणीतरी मागे उभं राहून 'येऊ दे, येऊ दे' करावं लागलं असतं.

त्याने वहीत दोन्ही रकान्यांखाली ते अंतर लिहिलं आणि पुढच्या रविवारी माझ्या फियाटमध्ये मलबार हिलचा चढ करायला येतो म्हणाला. मागे बसायला तीन मित्रांना आणायचं मी त्याला बजावून सांगितलंय.